कमलची शाळा

३ डिसेंबर
सकाळपासून धुकं. आजपासून रजा, अंबडची बस पकडायची नाही, हेच मोठं सुख. दुपारी आईला ती इंग्रजी मालिका लावून दिली. जुन्या कादंबरीवरची, चार भाग. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बाबा हीच कादंबरी तिला रोज संध्याकाळी थोडी थोडी मराठीत सांगायचे. इंग्रजी नावं लक्षात राहात नाहीत म्हणून नायिकेची कमल करून टाकलेली.
ती पडद्यावर आली तर आई म्हणते, "अगंबाई, ही कमल? एवढी टोपी कशाला घातलीय?"

५ डिसें.
दुसरा भाग. त्यांचं बोलणं भरभर, मी थांबवून थांबवून सांगते. आई डोळे मिटून ऐकते. धुक्यातली टेकडी आली की, "हे मनमाडजवळच्या अंकाईकडचं." मी नाही म्हणत नाही. आता मलाही तसंच दिसायला लागलंय. दोघींच्या पायांवर एकच शाल, त्यावर ऊन. संपल्यावर कितीतरी वेळ उठावंसंच वाटेना.

६ डिसें.
आईने पुढचं सगळं आधीच सांगून टाकलं. कमल जमीनदाराला नकार देते आणि गावात मुलींची शाळा काढते.
"ते ऐकूनच मी डी.एड.चा फॉर्म भरला. तू दोन वर्षांची होतीस."
मग नेहमीचं गाऱ्हाणं. "तुझे बाबा तोंडाने कधी 'शीक' म्हणाले नाहीत. मीच आपली हट्टाने शिकले." तीस वर्षं शिकवलं तिने. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, गाऱ्हाणं जागच्या जागी.

८ डिसें.
घोटाळा. आईचा डोळा लागला तेव्हा चौथा भाग एकटीने पाहून घेतला. कमल लग्न करते! त्याच जमीनदाराशी. शाळेला कुलूप, बग्गी निघून जाते. मालिकावाल्यांनी बदललं असेल म्हणून मोबाईलवर मूळ कादंबरी शोधली. तिथेही तेच.
म्हणजे शाळा बाबांनी मनानेच घातली. जिच्याकडे बघून आई शिकली ती कमल कधी नव्हतीच. हे कसं दाखवू हिला? बाबांचा भयंकर राग आला. आई उठली वाटतं, वही ठेवते.

१० डिसें.
तिसरा भाग संपला. आई खुशीत. "आता शाळा."
मी द्राक्षं धुवायला उठले. धुता धुता वाटलं, बाबांसारखंच करावं. लग्नाचा पांढरा झगा आला की सांगायचं, शाळेचं उद्घाटन आहे. पण नवरदेवाचं काय करू? नाही जमायचं मला.

११ डिसें.
माळ्यावरून बाबांची पेटी काढली. कादंबरी सापडली. शेवटचं प्रकरणच नाही. मग राहवेना, आईला सगळं सांगून टाकलं. लग्न, कुलूप, बग्गी.
तिने पुस्तक मांडीवर घेतलं, चष्मा लावला, पानं जिथून गेली तिथे बोट फिरवलं. कड दातेरी.
"ही माझी कात्री. शिवणाची, दातेरी पात्याची."
"तू कापलीस?"
"मी कशाला कापू? मॅट्रिकचं इंग्रजी होतं मला. यांना म्हटलं होतं, शेवट मी स्वतः अक्षर लावून वाचणार. दुसऱ्या दिवशी म्हणतात, पानं गळून पडली."
पुन्हा बोट फिरवलं.
"किती वाकडं कापलंय बघ. एक रेघ सरळ यायची नाही त्यांची."
हसायला लागली. मग पदराने डोळे पुसत बसली. मीही रडले. बाबा, तोंडाने म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?

१२ डिसें.
पुन्हा धुकं. पुस्तक आईच्या मांडीवरच. आज गाऱ्हाणं नाही.
"चौथा भाग लावू का?"
ती खिडकीबाहेर बघत होती. कुठे होती कोण जाणे. मनमाडला, की कमलच्या गावात.
"थांब जरा," म्हणाली. "शाळा सुटू दे."
रिमोट अजून माझ्याच हातात आहे.