मीटरवरचा पिवळा दिवा

सोम., ८ डिसें.
केडगाव सोडलं आणि इंजिनाचा पिवळा दिवा पुन्हा लागला. मेकॅनिक बाळूभाऊंनी स्कॅनर लावून दोनदा घालवलाय. एक सेन्सर बदलूनही झाला. "जुन्या गाडीचं आसंच आस्तंय, मॅडम." शेजारी कॉलेजातली रूपाली, सातवा महिना. मागे शिंदे सर : "मॅडम, दिव्याला हळदकुंकू वाहा, प्रसन्न होईल." हसलो सगळे. मिरजगावला कॉलेज येईपर्यंत माझी नजर मीटरवर. मग रस्त्यावर किती होती?

मंगळ., ९ डिसें.
रुईछत्तीसीच्या पुढे चालत्या गाडीत इंजिन बंद. स्टिअरिंग दगडासारखं जड. मागे उसाचा ट्रक, हॉर्नवर हॉर्न. कशीबशी कडेला घेतली. रूपालीने दोन्ही हात पोटावर धरलेले. थोड्या वेळाने गाडी आपोआप चालू झाली. काही झालंच नाही अशी.
जेवण गेलं नाही. घरी नवरा सुधीर म्हणाला, "अगं, किती घाबरशील!" उद्यापासून एसटी.

शनि., १३ डिसें.
सुधीरने स्वतः गॅरेजला नेऊन आणली. दिवा गेला! काय होतं विचारलं तर "किरकोळ. वायर." बऱ्याच दिवसांनी झोप लागेल.

बुध., १७ डिसें.
सोमवारपासून पुन्हा गाडीने. दिवा नाही. आज घोगरगावजवळ दोन झटके बसले. रूपाली दचकली. "दिवा नाही ना, मग काही नाही," असं मीच तिला सांगितलं.

शुक्र., १९ डिसें.
किल्ली फिरवली की गाडी सुरू व्हायच्या आधी सगळे दिवे क्षणभर लागतात. बॅटरी, ऑइल, हँडब्रेक. आज सहज पाहिलं. पिवळा लागत नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा.
तशीच गॅरेजला. बाळूभाऊ : "सायेबच म्हनले, मॅडम लई घाबरत्यात. मीटर खोलून आतून काळी पट्टी लावली. मला वाटलं, तुमाला ठाव आसंल."
सुधीर म्हणतो, "तुझी झोप उडाली होती. मला बघवेना." खोटं नाही बोलत. म्हणून भांडताही येईना.
आठवडाभर मी निर्धास्त चालवत होते. दिवा तेव्हाही लागलेलाच होता. आणि रूपालीला मी काय सांगितलं...

सोम., २२ डिसें.
शनिवारी पट्टी काढून घेतली. दिवा लागलेला. बाळूभाऊंच्या मते इंजिन तापलं की दुसराच एक सेन्सर दगा देतो. मागवलाय. तोही अंदाजच.
सकाळी दोघांना सगळं सांगितलं, पट्टीसकट. एसटीने जाऊ म्हटलं. शिंदे सर म्हणाले, "मी येतो एसटीने. मुलं लहान आहेत हो, मॅडम." पहिल्यांदाच विनोद नाही केला. बरं वाटलं. पण रूपाली गाडीचं दार उघडून बसलीसुद्धा. "गर्दीत मला उभं राहवत नाही, मॅडम. तुम्ही हळू चालवा." तेव्हाच ठाम नाही म्हणायला हवं होतं. तिचा विश्वास माझ्यावर आहे की तिला दुसरा इलाजच नाही? धोका कळत होता, तरी किल्ली फिरवली.
पोचलो. स्टाफरूममध्ये लिहितेय. खिडकीतून गाडी दिसते, भर उन्हात तापत उभी.
आत्ता रूपाली डोकावून गेली. "पाचलाच निघायचं ना?"
मी काय म्हणाले, आठवत नाही. मान हलवली असावी, कारण ती हसून गेली.