दहा टक्के इकडे-तिकडे

प्रिय भिंगरी,

१. सोमवारी डबा खाताना नव्या घराच्या हप्त्याविषयी बोलता बोलता तू तुझा पगार सांगून गेलीस.
२. मी अर्धा डबा तसाच ठेवून उठले.
३. तेव्हापासून मी तुझ्याशी फक्त प्रयोगशाळेतल्या नमुन्यांविषयी बोलते आहे.

तुला वाटलं असेल, माझं डोकं दुखतंय. तसं नव्हतं. आपली पदवी एक, गाईड एक, प्रयोगशाळेत रुजू झालो तो आठवडाही एकच. डीएनए वेगळा करायचं काम दोघी शेजारी बसून करतो. फरक पडला तो मुलाखतीत. एचआरच्या बाईंनी विचारलं, "पगाराची अपेक्षा?" मी आपल्या क्षेत्रातल्या पगारांची सगळी सर्वेक्षणं वाचून गेले होते. सरासरी सांगितली आणि सवयीने जोडलं, दहा टक्के इकडे-तिकडे. कुठलंही मोजमाप आपण असंच सांगतो ना! बाई गोड हसल्या आणि त्यांनी "इकडे" तेवढं लिहून घेतलं.

तू मात्र एकच आकडा सांगितलास, माझ्या "तिकडे"पेक्षाही मोठा, आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावलास. "तोंडात पाणी असलं की माणूस माघार घेत नाही गं काकू," असं सोमवारी हसत हसत, माझं कॉलेजातलं टोपणनाव घेऊन सांगत होतीस. सर्वेक्षण एकही वाचलं नव्हतंस.

मला तुझा हेवा वाटतो. पैशांचा आहेच, पण त्या ग्लासाचा जास्त. तू काम करताना गुणगुणतेस ते आता मला खुपतं. काल तुझ्या जेलवर डीएनएचे पट्टे पुसट आले, चाचणी फसली, तर मला बरं वाटलं. मग पुन्हा करून बघायला मी तुला माझं ताजं बफर द्रावण दिलं, तेही खरं. पण बरं आधी वाटलं.

शुक्रवारी आपल्या विभागप्रमुख मॅडमनी मला पगारवाढीसाठी बोलावलंय. अपेक्षा पुन्हा विचारतील. या वेळी मला तुझाच आकडा सांगायचाय, आणि कशावरून म्हणतेस असं विचारलं तर तुझं नाव घ्यायचंय. पगार एकमेकींना सांगू नये, असं आपल्या करारात आहे. बोलणी तुलाही बसतील, म्हणून हे पत्र. तू नको म्हणालीस तर नाव घेणार नाही, दुसरीकडे अर्ज करीन. रागावणार नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळव. एकच शब्द, इकडे-तिकडे नको.

तुझीच,
काकू