सरूची ओळ

सोमवार, ३ फेब्रुवारी
मंदे, चष्मा डोक्यावरच आहे, घे आणि वाच. मी सांगतेय, पूर्वा लिहितेय. तुझ्या लेकीचं अक्षर बरं, कान मात्र हेडफोनात.
परवा वारज्याहून पुन्हा दोन डबे पाठवलेस. दुसरा अळणी, सरूकाकूच्या बीपीसाठी. तिला जाऊन तीन महिने झाले, बाई. अळणी आमटी मीच खाल्ली.
शनिवारी इथे हडपसरात कार्यक्रम आहे. वरातीच्या बँडला गाणी बांधून देण्यात माझा जन्म गेला, आता लोकांना माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या हव्यात. ढोलकी नको, पेटी नको. एकटीचा गळा. हो म्हणून बसले.

बुधवार, ५
तालीम. सून म्हणून आले तेव्हापासून जात्याच्या खुंट्याला आम्हा दोघी जावांचे हात. पहिली ओळ माझी, दुसरी सरूची. जातं गेलं, वाटणी राहिली.
आज माझी ओळ म्हटली आणि थांबले.
"आजी, विसरलीस?"
"नाही गं."
"मग म्हण की पुढची."
पाठ आहे. तोंड उघडत नाही. रडूही येत नाही. सगळं त्या आमटीसारखं.

शुक्रवार, ७
पुन्हा तेच. पूर्वा म्हणाली, "सरूआजीची ओळ मी म्हणू?" म्हटलं, तू आधी पोळी लाटायला शीक. तिने हेडफोन चढवले. वाईट वाटलं असेल. मला काही वाटलं नाही.
उद्या कसं व्हायचं...

शनिवार, ८
गेले. हिरवं लुगडं. माइक नको म्हटलं.
'पीठ पडे भुरूभुरू, उजाडलं अंगणात.' माझी झाली. पुढे सरूची. थांबले. पंख्याची घरघर ऐकू आली. तिची ओळ संपायला जेवढा वेळ लागतो तेवढा जाऊ दिला, मग पुढची ओवी धरली. शेवटपर्यंत सगळ्या तशाच, अर्ध्या. टाळ्या पडल्या, जरा उशिरा.

रविवार, ९
कार्यक्रमवाल्या बाईंचा फोन. "आजी, मधे काय सुंदर थांबता तुम्ही. पुढच्या महिन्यात येरवड्याला याल ना?"
म्हटलं, मी थांबत नाही हो, ती ओळ दुसरीची आहे. हसल्या. कळवते म्हटलं.
पूर्वा विचारते, काय कळवणार? मला काय माहीत.
मंदे, गुरुवारी आमटी पाठव. डबे दोनच. दुसऱ्यात मीठ नको.