टेकडीवरच्या घराची लाइन

ता. ३ मे

चि. बारक्यास,

आशीर्वाद. दूधवाला वर निघालाय म्हणून चार ओळी खरडते. तू खाली येत नाहीस, माझे गुडघे वर चढत नाहीत.

सोमवारपासून तुझ्या घराची लाइन बंद. विहिरीचं पाणी दोन पुरुष खाली गेलं. पंप एकच, वीज सकाळी तीन तास. त्यातला एक तास तुझ्या टेकडीवर पाणी ढकलण्यात जातो. तेवढ्या विजेत खाली मिरचीचे नऊ वाफे भिजतात, मी मोजलेत. मला चौथीतून काढलं, तरी एवढं कळतं. टेकडीवर घर बांध म्हणून मी सांगितलं नव्हतं. वारा छान येतो म्हणालास ना? आता वारा पी.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवलास तर तोही वर चढवावा लागेल.

अक्का

ता. ५ मे

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसलो. मग हिने विचारलं काय लिहिलंय, तेव्हा हसू गेलं.

हिचा खुबा मोडून तीन महिने झाले. आता पाठीला जखमा झाल्यात. दिवसातून तीनदा पुसावं लागतं, चादरी रोज धुवाव्या लागतात. नर्स म्हणाली, जखमा घाण राहिल्या तर विष अंगात भिनेल. तास नको, पंधरा मिनिटं दे. बाकी मी रस्त्यावरच्या नळावरून सायकलने आणीन. माझी आंघोळ मी सोडलीच आहे. काळजी नको, वास तुझ्यापर्यंत येणार नाही, वारा उलटा आहे.

माझ्यावर नसला तरी हिच्यावर लोभ असू दे.

बारक्या

ता. १० मे

चि. बारक्यास,

आशीर्वाद. रडगाणं पोचलं. पडून राहणाऱ्याला उभ्या माणसापेक्षा जास्त पाणी लागतं, हे नवीनच. आई दोन वर्षं पडून होती, मी एका बादलीत भागवलं. आज पंधरा मिनिटं दिली की उद्या वीस मागशील. म्हणून सोमवारी दुपारी पाइपच कापून घेतला आणि वाफ्यांकडे वळवला.

आता कामाचं. मंगळवारी बटण दाबलं तर पंप नुसता कोकलत राहिला. आत्ता येईल, मग येईल म्हणून मी वाफ्यात बसले. तासाभराने धूर. मोटर जळाली. मिस्त्री म्हणतो, पंप कोरडा फिरला. कोरडा कसा? विहिरीत पाणी दिसतंय! दुरुस्तीला दहा दिवस म्हणतो, मिरची माना टाकतेय. पंप तू बसवलास, तेव्हा काय ते लगेच कळव. तत्त्वज्ञान नको.

अक्का

ता. १७ मे

ती. अक्कास,

नमस्कार. उशीर झाला. काल ही गेली.

पंपाचं विचारलंस. विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाची झडप तीन वर्षं गळतेय. रात्रीतून पंप रिकामा होतो, आणि रिकामा पंप पाणी ओढत नाही. म्हणून माझ्या टाकीतलं पाणी त्याच लाइनने उलटं खाली येऊन तो भरेल, असं करून ठेवलं होतं. तुला बोललो नाही, तू म्हणाली असतीस, नसता फापटपसारा.

लाइन बंद झाली की मोटर जळणार, हे तुझं पहिलं पत्र वाचतानाच कळलं होतं. ही सारखी म्हणायची, अक्कांना कळवा, त्यांची मिरची जाईल. मी म्हटलं, कळवलंय. शेवटपर्यंत तिला ते खरं वाटलं.

बारक्या

ता. २० मे

चि. बारक्यास,

आशीर्वाद. वाईट झालं. सुटली बिचारी. माझे दोन वाफे तगलेत.

मोटर आज बसली. पंप आधी भरावा लागतो म्हणतोस, पण विहिरीतून शेंदणं मला होत नाही. नळावरून वाहून तू टाकी भरली असशीलच. उद्या वीज यायच्या आत ते पाणी डब्यांनी खाली आण. आता वर कुणाची पाठ पुसायची राहिलीय?

अक्का