मनगटावरचा अंगठा

गुरुवार, १५ नोव्हेंबर

ती. ताईस,

साष्टांगातली दोन अंगं, म्हणजे गुडघे, सध्या संपावर आहेत. उरलेल्या सहांनी नमस्कार. भावोजींचा खोकला कमी झाल्याचं वाचून बरं वाटलं. डॉक्टरांचं न ऐकणं हा आपल्या घराण्याचा गुण आहे, जावयांनी त्यात स्पर्धा करू नये असं त्यांना सांग.

नाटकाबद्दल तू दोन पानं कौतुक लिहिलंस. तू माझं कौतुक करणं म्हणजे ग्रहण. काही वर्षांतून एकदा, तेही खंडग्रास. गुपचूप पदरात पाडून घेतलं असतं. पण शेवटी विचारलंस की मुलगा गेल्याची बातमी ऐकल्यावर तू स्वतःचंच मनगट धरतोस, ते कुठून सुचलं?

सुचलं नाही. नाट्यशास्त्रात भाव दाखवणाऱ्या अशा हालचालीला अनुभाव म्हणतात. चोरीला दुसरा शब्द आहे.

माझ्याकडे समुपदेशनासाठी दर मंगळवारी अकरा वाजता एक शिवणकाम करणाऱ्या बाई येतात. त्यांचा मुलगा गेला तेव्हा त्या त्याची नाडी धरून बसल्या होत्या. तेव्हापासून त्याच्याविषयी बोलताना त्यांचा अंगठा आपल्याच मनगटावर जातो. हे तुला सांगणंही माझ्या पेशात बसत नाही. मी तर ते रोज चारशे लोकांना दाखवलं. ठरवून नव्हे, गं. तालमीत एकदा हात गेला, दिग्दर्शक म्हणाला हेच ठेव, आणि मी ठेवलं. ते कुणाचं आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

हे शेवटचं वाक्य लिहायला चार दिवस आणि तीन फाडलेले कागद लागले.

आपले समुपदेशक नाटकात काम करतात म्हणून बाई कौतुकाने, मला न सांगता, प्रयोगाला आल्या. तिसऱ्या रांगेत. शेवटी दिवे लागले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते; त्यांचे हात मांडीवर होते.

पुढच्या मंगळवारी आल्या. हात मांड्यांखाली दाबून तासभर उसवलेल्या अस्तरांविषयी बोलल्या. मीही, वीस वर्षांचा मुरलेला माणूस, अस्तरांविषयीच विचारत राहिलो. निघताना दारात म्हणाल्या, "पूर्वी मनगट धरलं की तो सापडायचा. आता तुम्ही सापडता."

परवाच्या मंगळवारी आल्याच नाहीत.

दिग्दर्शक म्हणाला, एवढंच ना, दुसरं काहीतरी कर. मी हात पाठीमागे बांधले. पाठीमागे अंगठा गेलाच. काल भूमिका सोडली. अंगठ्याने सोडलेली नाही. वर्तमानपत्र वाचताना, जिना चढताना तो तिथे जातो, आणि खाली लागणारे ठोके माझेच आहेत यावर माझा विश्वास बसत नाही.

आज बाईंना फोन केला. येत्या मंगळवारी येते म्हणाल्या, एकदाच. मला माफी मागायची आहे. सकाळी आरशासमोर म्हणून पाहिलं, तर "चुकलो" या शब्दाआधी आवाज अलगद कापला. छान कापला. सगळं नाट्यगृह हेलावलं असतं. आता त्यांनी माझ्या चेहऱ्यावरचं काय खरं मानायचं? आणि मी तरी?

लहानपणी माझं खोटं रडणं घरात एकट्या तुलाच ओळखू यायचं. कशावरून, ते कळव. तुला फोन केला असता, पण फोनवर मला फारच चांगलं बोलता येतं.

मंगळवारपर्यंत तालीम न करण्याच्या खटपटीत असलेला,
तुझा धाकटा भाऊ