भूगोल विभागातली एक जागा

२ मे २०२५
पुढच्या वर्षाचे विद्यापीठाचे प्राधान्यक्रम ठरवायच्या समितीवर माझं नाव आलं. निमंत्रक म्हणून. आज पहिली मीटिंग. प्राध्यापकांची पदोन्नती हा मुद्दा पार खाली होता, तो मी पहिल्या नंबरवर आणला. स्वार्थ नाही. भूगोल विभागात प्रोफेसरची एकच जागा भरणार आहेत आणि ती कुणाची, हे साताऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. दोन नंबरला तासगावचं नवं पाणी अभ्यास केंद्र. तिकडे कोण जाणार, देव जाणे.
संकल्प: रोज पाचला उठून रिसर्च पेपर.

३ मे
सव्वासातला उठलो. आज शनिवार, तो धरत नाही. सोमवारपासून.

६ मे
उठलो तेव्हा क्रांती निघून गेली होती. माण तालुक्यातल्या विहिरी मोजायला. बायको एकाच विभागात सहकारी असली की घरात बोलायला विषय कमी पडत नाहीत, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात विषय एकच, विहिरी. मी हं हं म्हणतो. तिकडे धुळा आणि धोंडुबाई म्हणून मेंढपाळ जोडपं आहे, त्यांच्या वस्तीवर जेवते आणि एस.टी.नं परत येते. छंद चांगला आहे. माझा डबा भरून ठेवला होता.

११ मे
पेपरचं शीर्षक ठरलं. ‘जागतिकीकरण आणि भूगोल: एक चिंतन’. शीर्षक म्हणजे निम्मं काम.
संध्याकाळी क्रांतीनं विचारलं, मीपण अर्ज करू का? म्हटलं, कर की, अनुभव मिळेल. मुलाखतीला जाताना मलाही सोबत. ती हसली. मग तिच्या पुस्तकाचं एक प्रकरण माझ्यापुढे ठेवलं. वाचा म्हणाली, अजून कुणीच वाचलेलं नाही. वाचतो म्हटलं. सध्या पेपर डोक्यात आहे.

१९ मे
महत्त्वाचा दिवस. डीनसाहेबांनी केबिनमध्ये चहाला बोलावलं. म्हणाले, लालासाहेब, एक घरगुती विचारतो. क्रांती मॅडमचं काम लय भारी आहे. पण त्यांना प्रोफेसर केलं तर तासगावचं केंद्र सांभाळायला तिकडे जावं लागेल. जातील का? नसतील जाणार, तर जागा इथंच राहील, मग तुमचं बघू.
मी क्षणभर विचार केला. मग सांगितलं की तिला या सगळ्यात रस नाही. अर्ज आपला माझ्या आग्रहामुळे. घर सोडून ती राहू शकणार नाही, गुडघेही दुखतात.
खोटं काही बोललो नाही. तिला विचारलं नाही, एवढंच. तासगाव तिचं माहेर असलं तरी या वयात एकटीनं राहायचं म्हणजे हालच. तिचे हाल मला बघवले नसते.
येताना कंदी पेढे आणले. कशाचे, म्हणाली. म्हटलं, असेच. एक खाल्ला आणि माझा डबा घासायला घेतला. मुलाखतीआधी तिचं डोकं कशाला खायचं, म्हणून बोललो नाही.

२८ मे
मुलाखत. माझी उत्तम झाली. एकानं विचारलं, गेल्या पाच वर्षांत पेपर किती. म्हटलं, मी संख्येच्या मागे लागत नाही. सगळे गप्प. पटलं असावं.
क्रांती बराच वेळ आत होती. बाहेर आली ती तोंड धुवायला गेली. मग म्हणाली, त्यांनी विचारलं, तुम्हाला पद नकोय तर आलात कशाला? असं त्यांना कोणी सांगितलं? म्हटलं, ऑफिसचा घोळ असेल.
घरी येताना गाडीवर ती नेहमी माझ्या खांद्यावर हात ठेवते. आज मागची कडी धरून बसली. रस्त्यात खड्डे लय झालेत.

३० मे
चहा वेळेवर येतोय. बोलणं कमी आहे. पुण्याहून अंकिताचा फोन. बाबा, तुम्ही आईबद्दल डीनना काही बोललात का? म्हटलं, बाळा, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता.

२ जून
भाजी निवडताना क्रांतीनं मान वर न करता विचारलं. आवं, तुमीच बोललासा न्हवं? एरवी ती अशी बोलत नाही, फक्त तिच्या आईशी बोलते.
म्हटलं, तुझ्या काळजीपोटी बोललो.
ती म्हणाली, मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हणणार होते. तुम्हाला सोडून मी कशाला तासगावला जाते? जागा तुम्हालाच मिळाली असती. मी अर्ज केला तो माझं काम कुणीतरी वाचावं म्हणून. कमिटी तरी वाचेल म्हटलं. घरात कुणी वाचत नाही.
 

४ जून
क्रांती माहेरी गेली. मोठी बॅग नेली, पाऊस मोजायचं यंत्रही नेलं. चार दिवस विश्रांती होईल तिची. मलाही पेपरसाठी शांतता. संकल्प: ती यायच्या आत पूर्ण.

९ जून
निकाल लागला. प्रोफेसर आणि तासगाव केंद्राच्या संचालक, डॉ. क्रांती. जायला तयार आहे, असं तिनं स्वतः कुलगुरूंना कळवलं होतं. इथली जागा तिकडे गेली. डीनसाहेब म्हणाले, तुमच्याच दोन्ही प्राधान्यक्रमांत बसतंय.
तिला अभिनंदनाचा मेसेज टाकला. तिचं उत्तर आलं, ‘आभारी आहे.’
आभारी आहे. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली.

१४ जून
तासगावला जाऊन आलो, तिला आणायला. एस.टी.त तिचं प्रकरण वाचायला घेतलं. कडेगावपर्यंत वाचलं. मग डोळा लागला, तो विट्यात उघडला.
घरी सासूबाई एकट्याच. हरणाबाई म्हणजे कमी बोलणाऱ्या, पण आज बोलल्या. आवं जावईबापू, ती रडत आसती तर मी म्हटलं असतं, चार दिसांनी जाईल. पर ती रडत न्हाई. जेवती, झोपती, हिरी मोजाया जाती. तुमचं नाव काढत न्हाई. वाईट बी बोलत न्हाई. मला त्याचंच भ्या वाटतंय.
तासाभरानं क्रांती आली. चपलांना चिखल. जेवलात का, म्हणाली. म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, एक तारखेला रुजू व्हायचंय, इथंच खोली बघितलीय. म्हटलं, शनिवार-रविवार येशील ना? बघू, म्हणाली. बघू म्हणजे साधारण होच.
मग सांगितलं की तुझं प्रकरण वाचलं, छान आहे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिनं विचारलं, कुठला भाग आवडला?
 पहिली पानं आठवायचा प्रयत्न केला. धोंडुबाईंची विहीर, म्हटलं. ती हळू म्हणाली, धोंडुबाईंना विहीर नाही हो. त्यावरच तर आहे ते.
रागावली नाही. ताक आणून दिलं. स्टँडपर्यंत सोडायलाही आली, गाडी सुटेपर्यंत थांबली. खिडकीतून मी हात केला. तिनंही केला, आपण पाहुण्यांना करतो तसा.

२१ जून, शनिवार
आली नाही. सासूबाईंची तब्येत असेल.

२८ जून, शनिवार
काम फार असेल. केंद्र नवीन आहे.

१ जुलै
नवीन वर्षाचं टाइमटेबल लागलं. क्रांतीचे तास माझ्याकडे आले. पहिलाच तास भूजलाचा. फळ्यावर ‘भूजल’ लिहिलं आणि वळलो. पुढे काय सांगायचं ते सुचेना.
पहिल्या बाकावर सोनम, जतकडची, क्रांतीची लाडकी विद्यार्थिनी. तिनं उभं राहून विचारलं, सर, मॅडम परत येणार हायत का?
तोंडाशी ‘बघू’ आलं होतं. नाही, म्हणालो.
हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं.  मी हजेरी घ्यायला सुरुवात केली.