ढिल्या पट्ट्यावरचा पियानो

शनिवार, संध्याकाळ. भोपाळ, आमचं क्वार्टर.

गेल्या रविवारी जोगळेकरकाकांकडे, रेकॉर्ड ऐकायच्या बैठकीत, सगळ्या इंजिनिअरांसमोर मी बोलून बसलो, "काका, तुमच्या रेकॉर्डपेक्षा माझ्या कॅसेटमधला पियानोवाला हा कॉन्चेर्टो, हीच वाद्यवृंदाबरोबरची रचना, सावकाश वाजवतो. मधला भाग तर श्वास रोखून."

काका हसले. "वा रे आयटीआय! पुढच्या रविवारी आण कॅसेट. आमच्या डेकवर लावू, मग ठरवू."

दहावीत शाळा सुटलेल्या मला त्या खोलीत खुर्ची मिळते ती फक्त काकांमुळे. म्हणून आज आधीच माझ्या मित्राच्या, संतोषच्या नव्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून पाहिली. पियानोवाला धावतच सुटला! अगदी काकांच्या रेकॉर्डसारखा.

"यार, तेरा टेप बीमार है," संतोष म्हणाला.

घरी येऊन माझा टेप उघडला. आतला रबरी पट्टा उन्हाळ्यात ढिला पडलाय, म्हणून कॅसेट हळू फिरते. कारखान्यात दिवसभर मोटारींचे पट्टे ताणतो मी, आणि मला हे कळू नये?

नवा पट्टा आणलाय, पण बसवला नाही. ढिल्या पट्ट्यावर मधला भाग पुन्हा ऐकला. असं कुणीच वाजवलेलं नाही, तरी मला हेच आवडतं. म्हणजे मला संगीत कळत नाही का? की...

उद्या काकांच्या डेकवर सगळं उघडं पडणार. तापाचं निमित्त सांगू? नको. कॅसेटबरोबर माझा टेपही नेईन. आधी यावर ऐका म्हणेन, मग झाकण काढून पट्टा दाखवीन. खुर्ची गेली तर गेली.

नवा पट्टा मात्र घरीच ठेवतो.